इंधन महागलं तरी विमान कंपनी नफ्यात कशी राहते? तिमाही निकाल वाचायला शिकणाऱ्यांसाठी

कच्चं तेल भडकल्याची बातमी आली की विमान कंपन्यांचे शेअर पडतात, तेल उतरलं की चढतात. बाजारात नव्याने आलेला माणूस हे चार-सहा वेळा बघतो आणि मनाशी हिशेब बांधतो: तेल स्वस्त म्हणजे नफा, तेल महाग म्हणजे तोटा. हा हिशेब अर्धवट आहे, आणि अर्धवट हिशेबावर पैसे लावणारे लोक मी खूप पाहिले आहेत.

इंडिगो चालवणाऱ्या इंटरग्लोब एव्हिएशन या कंपनीच्या चार तिमाही शेजारी-शेजारी ठेवून बघा. जुलै-सप्टेंबर २०१८ मध्ये तेल चढलेलं होतं, रुपया घसरलेला होता आणि कंपनीला ६५२ कोटींचा तोटा झाला. शेअर बाजारात आल्यानंतरचा तो पहिला तिमाही तोटा. एप्रिल-जून २०२० मध्ये तेल मातीमोल झालं होतं, पण विमानं जमिनीवर होती. तोटा २,८४४ कोटी. ऑक्टोबर-डिसेंबर २०२२ मध्ये विमानाचं इंधन २०१८ पेक्षा कितीतरी महाग होतं, आणि तरी नफा १,४२३ कोटींच्या आसपास. जुलै-सप्टेंबर २०२५ मध्ये इंधनाचा खर्च आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा कमी झाला होता, आणि तोटा मात्र २,५८२ कोटी.

इंधनाचा भाव तर सगळ्याच कंपन्यांना जवळपास सारखा पडतो. मग फरक पडतो कुठे? माझ्या मते दोनच ठिकाणी. एक, वाढलेला खर्च प्रवाशाच्या तिकिटात घालता येतो की नाही. दोन, इंधन बाजूला काढल्यावर उरलेला खर्च शेजारच्या कंपनीपेक्षा किती कमी आहे. या दोन गोष्टी निकालांत कुठे शोधायच्या, एवढंच खाली सांगितलं आहे. शेअर घ्या की विका हे मी सांगणार नाही. निकाल हातात आल्यावर तुमचं तुम्हालाच ठरवता यावं, हा हेतू आहे.

## सुरुवातीला जवळ काय हवं

- कंपनीचं तिमाही निकालाचं प्रसिद्धीपत्रक. कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात आणि बीएसई-एनएसईच्या घोषणांमध्ये मिळतं. वर्तमानपत्रातली बातमी पुरत नाही, त्यात फक्त नफ्याचा आकडा असतो.
- निकालानंतर विश्लेषकांबरोबर होणाऱ्या कॉलचा लेखी मजकूर.
- इंडियन ऑईलच्या संकेतस्थळावरचं एटीएफच्या दरांचं पान. एटीएफ म्हणजे विमानाचं इंधन. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि चेन्नईचे नवे दर येतात.
- डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, देशांतर्गत वाहतुकीचा मासिक अहवाल.
- डॉलरचा तिमाहीच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा दर.
- शेवटचा वार्षिक अहवाल आणि एक कोरी एक्सेल शीट.

सगळं फुकट मिळतं. यासाठी कुणाच्या टेलिग्राम ग्रुपला पैसे भरू नका.

उघडल्या उघडल्या एक काळजी घ्या. इंटरग्लोबचं पत्रक कोटीत नसतं, दशलक्ष रुपयांत असतं. त्यामुळे ७२,५८४ हा आकडा म्हणजे ७२ हजार कोटी नव्हेत, ७,२५८ कोटी. २०२४-२५ या वर्षाचा नफा तो हाच. एक्सेलमध्ये भरतानाच दहाने भागून टाका, नाहीतर पुढची सगळी बेरीज-वजाबाकी फसते.

## पायरी १: एका फेरीचा हिशेब हाताने करून बघा

कोणतंही गुणोत्तर शिकण्याआधी हे करा. इंधनाच्या भाववाढीचा अर्थ एकदा हाताखालून गेला की पुढचं सगळं सोपं होतं.

मुंबई-दिल्ली घ्या. ए-३२० निओ विमान, १८६ आसनं. या फेरीला साधारण पाच हजार लिटर इंधन लागतं असं हिशेबापुरतं धरू, आणि भाव लिटरला ९० रुपये. इंधनाचं बिल झालं साडेचार लाख. विमान ८६ टक्के भरलं तर प्रवासी १६०. म्हणजे प्रत्येकाच्या तिकिटातले सुमारे २,८०० रुपये नुसत्या इंधनाचे.

आता एटीएफ दहा टक्क्यांनी वाढलं. फेरीमागे ४५ हजार जास्त, माणशी २८० रुपये. कंपनीपुढे तीन वाटा असतात. तिकीट २८० रुपयांनी वाढवायचं. किंवा भाडं तेच ठेवून जास्त माणसं बसवायची. सरासरी तिकीट साडेपाच हजारांचं असेल तर आणखी आठ-नऊ प्रवासी लागतील. किंवा खिशातून घालायचे.

२८० रुपये ही रक्कम फार मोठी नाही, आणि कामासाठी दिल्लीला निघालेला माणूस तेवढ्यासाठी बेत रद्द करत नाही. पण त्याच वेळी शेजारची कंपनी जुन्याच भावाने तिकीट विकत असेल तर तो तिकडे जातो. अडचण इंधनात कमी आणि शेजाऱ्यात जास्त आहे, ती अशी.

## पायरी २: एटीएफच्या भावात काय काय दडलंय ते ओळखा

टीव्हीवर ब्रेंटचा, म्हणजे कच्च्या तेलाचा, भाव दाखवतात, पण विमानाच्या टाकीत ब्रेंट जात नाही. कच्च्या तेलापासून एटीएफ करण्याचं मार्जिन वेगळं असतं आणि ते स्वतंत्रपणे वर-खाली होतं. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर हे मार्जिन असं फुगलं होतं की जून २०२२ मध्ये दिल्लीत एटीएफ किलोलिटरला १ लाख ४१ हजारांपर्यंत गेलं. २००८ च्या जुलैमध्ये कच्चं तेल १४७ डॉलरला गेलं होतं. २०२२ मध्ये ते तितकं वर गेलं नव्हतं, तरीही. म्हणून ब्रेंट बघून अंदाज बांधू नका, एटीएफचा दर बघा.

वर कर. एटीएफ जीएसटीच्या बाहेर आहे. केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट दोन्ही लागतात, आणि त्याचं क्रेडिट कंपनीला मिळत नाही, म्हणजे भरलेला कर पुढच्या करातून वळता करता येत नाही. व्हॅट राज्यागणिक बदलतो. महाराष्ट्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई महापालिका, पुणे महापालिका आणि रायगड जिल्हा या भागांत तो २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. मुंबईतून सुटणाऱ्या विमानांची संख्या बघता ही सवलत किती मोठी आहे हे लक्षात येईल. रायगडचं नाव त्यात का आहे हेही उघड आहे: नवी मुंबईचा विमानतळ त्याच जिल्ह्यात. ज्या राज्यात व्हॅट कमी, तिथे टाकी जास्त भरून पुढच्या फेरीचं इंधन सोबत न्यायचं, हे विमान कंपन्यांचं रोजचं गणित आहे. अर्थात जास्तीचं वजन वाहून न्यायलाही इंधन जळतंच, म्हणून ते प्रत्येक मार्गावर परवडत नाही.

परदेशी जाणाऱ्या फेऱ्यांना हा व्हॅट लागत नाही, त्यांचे दरही डॉलरमध्ये वेगळे जाहीर होतात. म्हणून आंतरराष्ट्रीय फेऱ्यांचं प्रमाण वाढलं की कंपनीचा सरासरी इंधन खर्च बदलतो. हा बदल कार्यक्षमतेमुळे झाला असं समजून टाळ्या वाजवू नका.

आणि भावाबरोबर खपही बघा. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं हवाई क्षेत्र भारतीय विमानांना बंद झालं. उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या फेऱ्यांना वळसा पडला, उड्डाणाचा वेळ वाढला. भाव वाढला नाही तरी बिल वाढलं.

## पायरी ३: चार शब्द पाठ करा

इथे बरेच जण कंटाळून पत्रक बंद करतात. करू नका, शब्द चारच आहेत.

एएसके: उपलब्ध आसनं गुणिले किलोमीटर. दुकानात माल किती मांडला होता, ते हे.

लोड फॅक्टर: मांडलेल्यापैकी किती टक्के विकला गेला.

यील्ड: एका प्रवाशाला एक किलोमीटर नेण्याचे सरासरी किती रुपये मिळाले.

रास्क आणि कास्क: एका उपलब्ध आसन-किलोमीटरमागे एकूण उत्पन्न किती आणि एकूण खर्च किती. रास्क कास्कपेक्षा मोठा असेल तर नफा. आसन रिकामं गेलं तरी खर्च होतोच, म्हणून दोन्ही आकडे विकलेल्या आसनांवर न काढता उपलब्ध आसनांवर काढतात.

इंडिगोची जानेवारी-मार्च २०२५ ची तिमाही घ्या. यील्ड ५ रुपये ३२ पैसे, लोड फॅक्टर ८७.४ टक्के. दोन्हींचा गुणाकार ४ रुपये ६५ पैसे. हे एका आसन-किलोमीटरमागचं तिकिटाचं उत्पन्न. सामान, मालवाहतूक, इतर शुल्कं आणि इतर उत्पन्न धरलं की रास्क बनतो. सगळी लढाई पैशांत चालते: २०-३० पैशांच्या फरकाने तिमाहीचा हजार कोटींचा नफा पुसला जातो.

यात सापळा लोड फॅक्टरचा आहे. ९० टक्के विमानं भरली ही बातमी ऐकून लोक खूश होतात. तिकीट फुंकून टाकलं तर विमान भरतंच. यील्ड पडत असेल आणि लोड फॅक्टर चढत असेल तर कंपनी गर्दी विकत घेते आहे. दोन आकडे वेगवेगळे कधीच वाचू नका.

## पायरी ४: इंधन वगळून कास्क काढा

पत्रकात ही ओळ तयारच दिलेली असते. माझ्या लेखी सगळ्या पत्रकात हीच सर्वांत मोलाची ओळ आहे, कारण व्यवस्थापनाच्या हातात जे आहे ते सगळं इथे दिसतं. तेलाचा भाव जागतिक बाजारात ठरतो. बाकीचा खर्च गुरुग्रामच्या ऑफिसात.

इंडिगोच्या एकूण खर्चात इंधन साधारण एक-तृतीयांश असतं, महागाईच्या वर्षी त्याहून जास्त. उरलेला दोन-तृतीयांश ज्याचा कमी, तो इंधनाच्या भडक्यात टिकतो. हा खर्च कमी कशाने होतो?

एक म्हणजे एकाच जातीचं विमान. इंडिगोने २००६ मध्ये ए-३२० घेऊन सुरुवात केली आणि २०१७ च्या अखेरीस एटीआर ही छोटी विमानं येईपर्यंत दुसरं विमानच ठेवलं नाही. वैमानिक कोणत्याही विमानावर बसवता येतो, सुटे भाग एकाच प्रकारचे, अभियंत्यांचं प्रशिक्षण एकच. किंगफिशरमध्ये याच्या उलट कारभार होता. वेगवेगळ्या जातींची विमानं, आलिशान सेवा, आणि त्यात २००७ मध्ये एअर डेक्कन ही स्वस्त कंपनी गळ्यात घेतलेली. जेट एअरवेजनेही त्याच वर्षी एअर सहारा १,४५० कोटींना घेतली. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एप्रिल २०१९ मध्ये. दोघींनीही एके काळी बाजारातला मोठा हिस्सा मिळवला होता. बाजारातला हिस्सा म्हणजे नफा नव्हे, हे या दोन उदाहरणांवरून पक्कं लक्षात ठेवा.

दुसरं म्हणजे विमान जमिनीवर किती वेळ उभं राहतं. भाडं, विमा, कर्मचाऱ्यांचे पगार उभ्या विमानालाही लागतात. म्हणून इंडिगो अर्ध्या तासाच्या आसपास प्रवासी उतरवून, साफसफाई करून, नवे प्रवासी चढवून विमान परत उडवायला बघते. रांगेत उभं राहून तुम्हाला घाई केल्यासारखी वाटते ती याच कारणाने.

तिसरं, घाऊक खरेदी. २००५ मध्ये एकही विमान उडत नसताना या कंपनीने पॅरिसच्या प्रदर्शनात १०० विमानांची मागणी नोंदवली, आणि २०२३ मध्ये तिथेच एकदम ५०० विमानांची. इतकी मोठी मागणी देणाऱ्याला एअरबस कमी भावात विमान देते. मग कंपनी ते विमान भाडेतत्त्वावर देणाऱ्या संस्थेला विकते आणि स्वतःच भाड्याने घेते. प्रकल्पाच्या बुकिंगला स्वस्तात फ्लॅट घ्यावा, ताबा मिळताना चढ्या भावाने विकावा आणि त्याच फ्लॅटमध्ये भाडेकरू म्हणून राहावं, तसं. कराराची वर्षं संपली की विमान परत जातं आणि नवं येतं. त्यामुळे विमानं तरुण राहतात, आणि तरुण विमान इंधन कमी खातं. निओ जातीचं विमान जुन्या ए-३२० पेक्षा १५ टक्के किंवा त्याहून जास्त इंधन वाचवतं. दहा टक्क्यांची भाववाढ पचवायला एवढंही पुरतं.

पण इंजिनं बिघडली तर हेच तरुण विमान गळ्यातला धोंडा होतं. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतल्या धातूच्या भुकटीतला दोष उघड झाला आणि इंडिगोची सत्तरहून जास्त विमानं एका वेळी जमिनीवर होती. गो फर्स्ट या विमान कंपनीने तर याच इंजिनांकडे बोट दाखवत मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून कॉलच्या मजकुरात जमिनीवर असलेल्या विमानांचा आकडा शोधा. प्रत्येक तिमाहीला विश्लेषक तो विचारतातच.

कमी खर्चालाही तळ असतो. नोव्हेंबर २०२५ पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या, कारण नव्या नियमांना पुरेल इतकी माणसं नेमकी नव्हती. सरकारने वेळापत्रकात दहा टक्के कपात करायला लावली. लग्नाला, परीक्षेला, उपचारांना निघालेली माणसं विमानतळांवर अडकली. गुंतवणूकदार म्हणून यातून घ्यायचं ते असं: इंधन वगळून कास्क वर्षानुवर्षं खालीच जात असेल तर माणसं किती ताणली जाताहेत हाही प्रश्न विचारा.

## पायरी ५: डॉलरची ओळ वेगळी काढा

नवख्यांची सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून थोडं सावकाश.

भाड्याच्या विमानांचं भाडं डॉलरमध्ये द्यायचं असतं. एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या लेखा मानकानुसार पुढच्या सगळ्या वर्षांचं भाडं कर्जासारखं ताळेबंदात दाखवावं लागतं. तिमाही संपताना डॉलरचा जो भाव असेल त्या भावाने या सगळ्या देण्याचं रुपयांत पुन्हा मोल करतात. समजा देणं पाच अब्ज डॉलर आहे आणि रुपया एका रुपयाने घसरला. तिजोरीतून एक पैसाही गेला नाही, तरी खात्यात ५०० कोटींचा तोटा लिहिला गेला.

सुरुवातीला सांगितलेली जुलै-सप्टेंबर २०२५ ची तिमाही आठवा. तोटा २,५८२ कोटी. चलनाचा परिणाम बाजूला काढल्यावर तीच कंपनी १०४ कोटींच्या नफ्यात होती. एरवी मंदीच्या त्या तिमाहीत धंदा ठीक चालला होता, मारलं ते रुपयाने. ज्याने फक्त मथळा वाचला त्याला हे कळणं शक्यच नव्हतं.

पण म्हणून चलनाचा तोटा खोटा असं समजून सोडून द्यायचा, हेही चूक. ते डॉलर पुढे खरोखर द्यायचेच आहेत, आणि रुपया बहुधा एकाच दिशेने चालतो. कंपनीची खरी ढाल म्हणजे परदेशी मार्गांवरून येणारं परकीय चलन. इंडिगोने २०३० पर्यंत आंतरराष्ट्रीय क्षमता ४० टक्क्यांपर्यंत नेण्याचं ठरवलंय. जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या थेट फेऱ्या सुरू झाल्या त्या याच वाटेवर.

शीटमध्ये दोन स्वतंत्र ओळी ठेवा: जाहीर झालेला नफा, आणि चलन वगळून नफा. पत्रकात ‘एबिटडार’ नावाचा आणखी एक आकडा ठळक छापलेला असतो. त्यात विमानांच्या भाड्याचा बोजाच धरलेला नसतो, म्हणून तो नेहमीच देखणा दिसतो. त्यावर विसंबून राहू नका.

## पायरी ६: तुलना त्याच ऋतूशी करा

मे महिन्याची सुट्टी, दिवाळी आणि नाताळ हे हंगाम. पावसाळ्यात आणि पितृपक्षात प्रवास मंदावतो. त्यामुळे जुलै-सप्टेंबरची तिमाही जवळजवळ दरवर्षी कमजोर असते. तिची तुलना एप्रिल-जूनशी करून घाबरायचं नाही. आदल्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबरशी करायची. सुरुवातीला मी दिलेल्या २०१८ आणि २०२२ च्या तुलनेतही ऋतूचा थोडा वाटा आहे, कारण एक तिमाही पावसाळ्याची आणि दुसरी दिवाळी-नाताळची.

## पायरी ७: शेजारी काय करतोय ते बघा

भाडं वाढवण्याची ताकद ताळेबंदात दिसत नाही, ती बाजारात दिसते. २०१८ मध्ये जेटची रोकड आटत चालली होती. अशी कंपनी मिळेल त्या भावाने तिकीट विकते, कारण तिला आजचे पैसे आज हवे असतात. तेल चढलेलं असतानाही कुणालाच भाडं वाढवता येत नव्हतं, आणि सगळेच तोट्यात गेले. एप्रिल २०१९ मध्ये जेटची विमानं थांबली. पुढच्याच एप्रिल-जून तिमाहीत इंडिगोचा नफा १,२०३ कोटींवर गेला, तोवरचा उच्चांक. त्या तीन महिन्यांत तेल काही फुकट झालं नव्हतं. बाजारातली आसनं कमी झाली होती.

हे कळण्यासाठी डीजीसीएचा मासिक अहवाल उघडा. कुणाचा हिस्सा किती, कुणाची विमानं किती भरली, किती फेऱ्या रद्द झाल्या, सगळं कंपनीनिहाय दिलेलं असतं. आज इंडिगोकडे देशांतर्गत प्रवाशांपैकी ६० टक्क्यांहून जास्त आहेत. मुख्य स्पर्धक एअर इंडिया समूह जानेवारी २०२२ पासून टाटांकडे आहे आणि शेअर बाजारात नाही. अकासा ही कंपनीही बाजारात नोंदलेली नाही. बाजारात नोंदलेली दुसरी कंपनी म्हणजे स्पाइसजेट. त्यामुळे स्पर्धकांचे तिमाही आकडे फारसे मिळत नाहीत, आणि डीजीसीएच्या अहवालाचं मोल आणखी वाढतं.

विमानतळावरच्या वेळा, म्हणजे स्लॉट, हीसुद्धा ताकदच. मुंबईच्या जुन्या विमानतळावर सकाळी सहा ते नऊमधली वेळ पैसे देऊनही मिळत नाही. ज्याच्याकडे ती आधीपासून आहे तो भाडं वाढवू शकतो. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली. मुंबईकरांसाठी ही आनंदाची गोष्ट, पण गुंतवणूकदाराने मुंबईच्या मार्गांवरचं यील्ड टिकतंय का हे पुढची काही वर्षं बघत राहावं.

एक सूचना: भाड्याची ताकद सरकारच्या डोळ्यांत सलली की मर्यादा येते. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ भाड्यांवर सरकारी बंधनं होती, आणि डिसेंबर २०२५ च्या गोंधळातही कमाल भाडं ठरवून दिलं गेलं.

## पायरी ८: इंधनाच्या विम्याबद्दल थोडक्यात

पुढच्या महिन्यांचा इंधनाचा भाव आजच बांधून घेण्याला हेजिंग म्हणतात. भारतीय कंपन्या हे फारसं करत नाहीत. अमेरिकेच्या साउथवेस्टने २००० च्या दशकात यावर भरपूर पैसे वाचवले, आणि २०२५ मध्ये हा कार्यक्रमच गुंडाळला. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने चढ्या भावाला इंधन बांधून ठेवलं आणि भाव कोसळल्यावर २०१५-१६ मध्ये मोठा तोटा सोसला. डेल्टाने २०१२ मध्ये पेन्सिल्व्हेनियात चक्क तेलशुद्धीकरण कारखाना विकत घेतला. हेजिंगने एखाद-दुसरं वर्ष सावरतं, कायमचा नफा कुणालाही त्यातून मिळालेला नाही.

अमेरिकी कंपन्यांना खरा आधार आहे तो क्रेडिट कार्डांचा. बँका आपल्या कार्डधारकांना देण्यासाठी त्यांच्याकडून माइल्स, म्हणजे तिकिटांसाठी वापरता येणारे पॉइंट, विकत घेतात; डेल्टाला अमेरिकन एक्सप्रेसकडून वर्षाला सात अब्ज डॉलरहून जास्त मिळतात, आणि त्याला थेंबभर इंधन लागत नाही. इंडिगोचा ब्लूचिप हा पॉइंटांचा कार्यक्रम २०२४ मध्ये आला, त्यामुळे इंडिगोकडे हे उत्पन्न अजून नवं आहे. सध्या पत्रकात तिकिटाव्यतिरिक्त उत्पन्नाची ओळ असते, ती एकूण उत्पन्नाच्या किती टक्के आहे हे लिहून ठेवा.

## पायरी ९: रोकड मोजा

इंधनाचा भडका काही महिने टिकतो. तेवढे महिने पगार, भाडं आणि तेल कंपन्यांचं बिल भरता आलं पाहिजे. पत्रकात एकूण रोकड आणि मुक्त रोकड वेगळी दिलेली असते. मुक्त रोकड बघा. उरलेली कुठेतरी अडकलेली असते. मार्च २०२५ अखेर इंडिगोकडे एकूण ४८ हजार कोटींहून जास्त होते, त्यातले मुक्त ३३ हजार कोटींच्या आसपास. नफा-तोट्याच्या चढउतारात ही कंपनी शांत राहू शकते ती या गंगाजळीच्या जोरावर.

उलट चिन्हंही ओळखीची आहेत: पगार लांबणं, तेल कंपन्यांनी उधारी बंद करून रोज रोख मागणं, विमान भाड्याने देणाऱ्यांनी डीजीसीएकडे नोंदणी रद्द करण्याचे अर्ज करणं. किंगफिशरच्या वेळी ही तिन्ही दिसली होती. तेल कंपन्यांनी रोख मागायला सुरुवात केली की पुढे शेअर किती स्वस्त आहे याचा विचारही करू नका.

## पायरी १०: तक्ता भरा आणि वेळापत्रक पाळा

एक्सेलमध्ये आडव्या ओळी अशा घ्या: एएसके, लोड फॅक्टर, यील्ड, रास्क, कास्क, इंधन वगळून कास्क, जाहीर नफा, चलन वगळून नफा, मुक्त रोकड, जमिनीवरची विमानं, तिमाहीतला सरासरी एटीएफ दर, तिमाहीअखेरचा डॉलर. उभ्या रकान्यांत मागच्या आठ तिमाही. जुनी पत्रकं कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. रविवारची एक दुपार पुरेल.

मग महिन्याच्या एक तारखेला एटीएफचा दर आणि नंतर डीजीसीएचा अहवाल आला की त्या महिन्याचा हिस्सा भरा. निकालाच्या दिवशी टीव्ही लावण्याआधी पत्रक उघडा. आधी चलन वगळून नफा, मग यील्ड, मग इंधन वगळून कास्क. हे तिन्ही आकडे आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशेजारी लिहून झाल्यावर कॉलचा मजकूर वाचायला घ्या, आणि त्यात पुढच्या तिमाहीत एएसके आणि यील्ड किती टक्क्यांनी बदलेल याबद्दल व्यवस्थापनाने जे सांगितलं असेल ते वेगळ्या रंगात नोंदवा, म्हणजे तीन महिन्यांनी त्यांचा शब्द पडताळून बघता येईल.